भाड्याने दिलेल्या घराचा विमा खंडित झालाय? नवी पॉलिसी घेताना हा क्रम पाळा

भाड्याने दिलेल्या घराची पॉलिसी कधीच संपून गेलीय, हे लक्षात आलं की बहुतेक घरमालक एकच करतात. मोबाइल उघडतात आणि समोर दिसेल ती गृहविमा पॉलिसी दहा मिनिटांत घेऊन टाकतात. पैसे जातात, पीडीएफ येते, जीव भांड्यात पडतो. पुढे क्लेमची वेळ आली की कळतं, पॉलिसीत 'मालक स्वतः राहतात' असं नोंदलंय, आधीच्या विम्याबद्दलच्या प्रश्नाला घाईत चुकीचं उत्तर गेलंय आणि विम्याची रक्कम कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या स्वतःच्या भाड्याच्या घराचा विमा असाच २३ दिवस बंद होता. कार्डाची मुदत संपल्याने आपोआप जाणारा हप्ता परत आला होता. कंपनीचं पत्र गेलं भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. भाडेकरूंनी ते न फोडता जपून ठेवलं आणि भेटल्यावर माझ्या हातात दिलं. त्यांची काहीच चूक नव्हती, पत्रव्यवहाराचा पत्ता मीच बदलला नव्हता. पुढचं सगळं त्या दिवसापासून मी ज्या क्रमाने केलं आणि जिथे अडखळलो, त्यावरून लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या टप्प्यातला कागद पुढच्या टप्प्यात लागतो.

## टप्पा १: पॉलिसी का आणि कधी बंद पडली, ते लेखी मिळवा

सगळ्यात आधी जुन्या कंपनीला ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा. संरक्षण कोणत्या तारखेला, किती वाजता संपलं? बंद पडण्याचं कारण काय? आणि जुनीच पॉलिसी पुन्हा चालू होऊ शकते का? फोनवर मिळालेलं उत्तर धरून पुढे जाऊ नका.

कारण विचारायचं ते एवढ्यासाठी की 'मुदत संपली, रिन्यू झाली नाही' आणि 'कंपनीने रद्द केली' या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाची मुदत संपून पॉलिसी सरली असेल तर तिला कुणी नाकारलेलं नसतं. पण हप्ते चालू असताना एक हप्ता चुकला आणि कंपनीने मध्येच पॉलिसी रद्द केली, तर पुढच्या फॉर्ममध्ये 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का?' या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असं होतं. इथे अंदाजाने खूण करणारे पुढे अडकतात.

पॉलिसी संपून थोडेच दिवस झाले असतील तर जुनी कंपनी कधी कधी ती पुन्हा चालू करून देते. त्यासाठी मधल्या काळात कोणतंही नुकसान झालेलं नाही, असं तुमच्या सहीचं पत्र मागितलं जातं. ते पत्र घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करून देऊ नका. बंद खोलीत पाणी मुरत असेल आणि तुम्ही 'नुकसान नाही' असं लिहून दिलं असेल, तर तेच पत्र तुमच्या विरोधात जातं.

आणखी एक गैरसमज. आयुर्विम्यात आणि आरोग्यविम्यात मुदतीनंतर सवलतीचे काही दिवस मिळतात, तसे घराच्या विम्यातही मिळतील असं अनेकजण धरून चालतात. घराच्या विम्यात अशी सवलत सहसा नसते. तुमच्या पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर मुदत संपली त्या क्षणी संरक्षण संपलं असं समजा.

तपासा: संरक्षण संपल्याची तारीख, वेळ आणि कारण लेखी तुमच्याकडे आहे का? नसेल तर पुढचा फॉर्म भरायला घेऊ नका. तोवर टप्पा २ आणि ३ उरकून घ्या.

## टप्पा २: त्याच दिवशी धोका कमी करा

नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत घरात जे होईल ते तुमच्या खिशातून जाणार. नव्या पॉलिसीला मागची तारीख लावून मधला काळ भरून काढता येत नाही. एजंट कितीही ओळखीचा असला तरी त्याला तसं करायला सांगू नका. या काळात जिन्याचा कठडा तुटून कुणी पडलं, तर नंतर घेतलेली पॉलिसी त्या दाव्यालाही उपयोगी पडत नाही.

म्हणून घरात भाडेकरू असतील तर त्यांना विचारा: कुठे पाणी गळतंय का, स्विचमधून ठिणगी येते का, गॅसचा वास येतो का, कुठलं कुलूप नीट लागत नाही का. छोटी दुरुस्ती लगेच करून घ्या आणि बिल ठेवा. घर रिकामं असेल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गॅस बंद करा आणि गरज नसेल तर विजेचा मेन स्विचही. खिडक्या-दारं लावून कुणीतरी ठरावीक दिवशी फेरी मारेल अशी सोय करा. फेरीची तारीख वहीत लिहून ठेवायला सांगा, ती नोंद टप्पा ६ मध्ये लागेल.

## टप्पा ३: घराची आजची अवस्था टिपून ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी हाच आहे. खंडानंतर नवी पॉलिसी घेतली आणि पहिल्या काही महिन्यांत क्लेम आला, तर सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान पाहून अंदाज काढायला येणाऱ्या माणसाच्या, मनात पहिला प्रश्न येतो: हे नुकसान पॉलिसी सुरू होण्याआधीचं तर नाही? त्या वेळी तुमच्याकडे तारखेचा पुरावा असला पाहिजे.

भाडेकरूंना आधी कळवून, त्यांच्या सोयीची वेळ घेऊन जा. मुख्य दारापासून सुरुवात करून न थांबवता एकच सलग व्हिडिओ घ्या. प्रत्येक खोलीत छताचे चारही कोपरे, खिडकीखालची भिंत आणि जमिनीलगतची पट्टी दिसली पाहिजे. विजेच्या मीटरचं रीडिंग आणि मेन बोर्ड टिपा. मग जवळून फोटो.

माझ्या घरात सिंकखालचं कपाट उघडून टॉर्च मारला तेव्हा लवचीक पाइपच्या नटाभोवती हिरवट कडं दिसलं. बोट लावलं तर ओलं. थेंब पडत नव्हता, पण खालच्या फळीचा कोपरा फुगून पापुद्रे सुटायला लागले होते. भाडेकरूंना त्याचा पत्ता नव्हता, कारण पुढे डबे रचलेले होते. पाइप त्याच दिवशी बदलला. जुन्या पाइपचा, फुगलेल्या फळीचा आणि नव्या जोडाचा फोटो घेतला. पुढे फॉर्ममध्ये हे लिहिलंही. कंपनीने फक्त बिल मागितलं आणि पुढे गेली.

भाडेकरूंचं खाजगी सामान चित्रित करू नका, लागतही नाही. तुमच्या मालकीचं जे सामान घरात आहे, म्हणजे पंखे, गीझर, कपाटं, फ्रिज, त्याची यादी मात्र करा. जमेल तिथे मॉडेल क्रमांक आणि खरेदीची पावती जोडा. सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

तपासा: जुनं नुकसान सापडलं का? ते नवी पॉलिसी भरून देणार नाही. दुरुस्त करा, आणि विचारलं तर सांगा.

## टप्पा ४: कागद आणि आकडे

जुन्या पॉलिसीचं शेड्यूल (नाव, पत्ता, रक्कम, तारखा असलेलं तपशिलाचं पान), टप्पा १ मधला ईमेल, चालू भाडेकरार, मागच्या तीन ते पाच वर्षांत केलेल्या क्लेमची माहिती, बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ, भिंती आणि छप्पर कशाचं आहे, एवढं एका फोल्डरमध्ये गोळा करा. गॅस किंवा वायरिंगच्या तपासणीची सर्टिफिकेटं असतील तर तीही ठेवा. काही देशांत ती घरमालकावर बंधनकारकच आहेत. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या गॅस उपकरणांची तपासणी दरवर्षी आणि वायरिंगची किमान दर ५ वर्षांनी करावी लागते.

आता विम्याची रक्कम. इथे जवळजवळ प्रत्येक घरमालक घराची बाजारातली किंमत लिहितो, आणि ती चुकीची असते. बाजारभावात जमिनीची किंमत धरलेली असते. जमीन जळत नाही. तुम्हाला लिहायचा आहे तो पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च: क्षेत्रफळ गुणिले तसंच बांधकाम आज करायचा दर, अधिक राडारोडा उचलण्याचा आणि आर्किटेक्टच्या फीचा खर्च. जुन्या पॉलिसीतला आकडा तसाच उचलू नका. तो कदाचित बऱ्याच वर्षांपूर्वीच्या दराने काढलेला असेल.

रक्कम कमी लिहिली तर काय होतं ते पाहा. घर पुन्हा बांधायला ४० लाख लागणार आहेत, पण विमा ३० लाखांचा आहे, म्हणजे तीन चतुर्थांश. स्वयंपाकघराला आग लागून ८ लाखांचं नुकसान झालं. विमा ३० लाखांचा आहे, म्हणून ८ लाख पूर्ण मिळतील असं वाटतं. पण पॉलिसीत कमी विम्याची अट असेल तर कंपनी नुकसानीच्याही तीन चतुर्थांशच देते, म्हणजे ६ लाख, आणि त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा होते. उरलेले २ लाख तुमच्या खिशातून जातात. काही पॉलिसींत ही अट लावली जात नाही, पण तसं लिहिलेलं वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

फ्लॅट असेल तर आधी सोसायटीकडे इमारतीची सामाईक पॉलिसी आहे का ते विचारा आणि तिची प्रत मागा. त्यात काय येतं आणि काय येत नाही, हे पाहूनच स्वतःच्या पॉलिसीत काय घ्यायचं ते ठरवा. 'सोसायटीचा विमा आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका. त्या पॉलिसीत फ्लॅटच्या आतलं काम आणि तुमचं सामान बहुधा नसतं.

## टप्पा ५: घरमालकासाठीची पॉलिसी मागा

स्वतः राहत असलेल्या घराची पॉलिसी आणि भाड्याने दिलेल्या घराची पॉलिसी यांत कंपनीच्या दृष्टीने जोखीम वेगळी असते. म्हणून कोटेशन मागताना पहिल्याच वाक्यात 'घर भाड्याने दिलेलं आहे' असं लिहा. कुटुंबाला दिलंय, विद्यार्थ्यांना खोल्या करून दिलंय, कंपनीला दिलंय की पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी देता, तेही लिहा. शेवटचा प्रकार अनेक कंपन्या वेगळ्या अटींवरच घेतात.

चार गोष्टी पॉलिसीत आहेत का ते विचारा. इमारत. तुमचं सामान. घरमालक म्हणून तुमच्यावर येणारी तिसऱ्या व्यक्तीची नुकसानभरपाई. आणि भाड्याचं नुकसान.

या शेवटच्या गोष्टीबद्दल फार गोंधळ आहे. आग किंवा पुरासारख्या विम्यात बसणाऱ्या कारणाने घर राहण्याजोगं उरलं नाही आणि भाडं बुडालं, तर ते भरून मिळतं. भाडेकरूंनी भाडं थकवलं तर नाही. त्यासाठीचा विमा वेगळा असतो आणि सगळीकडे मिळतही नाही. भाड्याचं संरक्षण किती महिन्यांचं आहे तेही पाहा. सर्व्हे, परवानग्या, बांधकाम आणि नवा भाडेकरू मिळणं हे सगळं सहा महिन्यांत क्वचितच उरकतं. मी १२ महिन्यांपेक्षा कमी घेणार नाही.

भाडेकरूंचं सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही. हे त्यांना आत्ताच सांगा, म्हणजे हवं तर ते स्वतःचा विमा घेतील.

इशारा: वादळाचा किंवा पुराचा इशारा जाहीर झाला, जवळपास वणवा पेटला की अनेक कंपन्या त्या भागात नव्या पॉलिसी देणं तात्पुरतं थांबवतात. काही संरक्षणांना प्रतीक्षाकाळही असतो. अमेरिकेतल्या सरकारी पूरविमा योजनेत नवी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. आभाळ भरून आल्यावर फॉर्म भरायला बसू नका.

## टप्पा ६: प्रपोजल फॉर्म स्वतः भरा

प्रपोजल फॉर्म म्हणजे विमा मागण्याचा अर्ज. तो एजंटने भरला तरी सही तुमची असते आणि उत्तरांची जबाबदारीही तुमचीच. म्हणून सहीआधी प्रत्येक ओळ वाचा. खंडित विम्याच्या बाबतीत हे चार प्रश्न नीट सोडवा.

1. आधीचा विमा कधी संपला? टप्पा १ मधली तारीख लिहा. खंड किती दिवसांचा आणि का पडला हे एका वाक्यात लिहा. 'कार्डाची मुदत संपल्याने हप्ता गेला नाही, पत्र भाड्याच्या पत्त्यावर गेलं' इतकं पुरतं. लांबलचक सफाई देऊ नका.
2. पॉलिसी कधी नाकारली किंवा रद्द झाली आहे का? नुसती मुदत संपली असेल तर 'नाही', कंपनीने रद्द केली असेल तर 'हो'.
3. मागचे क्लेम आणि नुकसान. क्लेम न केलेलं नुकसानही विचारलेलं असू शकतं. प्रश्नाचे शब्द बघा. खंडाच्या काळातली दुरुस्ती इथेच येते.
4. घर सध्या वापरात आहे का? यावर जरा थांबूया.

दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर रिकामं राहतं, आणि विमा खंडित होतो तोही बरेचदा याच काळात, कारण मालकाचं लक्ष नसतं. बहुतेक पॉलिसींत सलग ठरावीक दिवस घर रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं किंवा थांबतं. ही मर्यादा कुठे ३० दिवस, कुठे ४५, कुठे ६० असते. घर आज रिकामं असेल तर 'भाड्याने दिलेलं आहे' असं लिहू नका, कितीही लवकर भाडेकरू येणार असले तरी. 'अमुक तारखेपासून रिकामं, अमुक तारखेला भाडेकरू येणं अपेक्षित' असं लिहा आणि टप्पा २ मधल्या फेऱ्यांची नोंद जोडा. भाडेकरू आले की कंपनीला कळवून पॉलिसीत तशी नोंद करून घ्या.

अनेकांना भीती वाटते की खंड सांगितला तर पॉलिसीच मिळणार नाही. साधारण खंडाला कंपन्या सहसा थोडा जास्त प्रीमियम लावतात किंवा घराची पाहणी करायला माणूस पाठवतात. उलट लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बाहेर आली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि प्रसंगी पॉलिसीच सुरुवातीपासून रद्द धरली जाते. खंड किती दिवसांचा होता हे कंपनीला जुन्या कागदांवरून सहज कळतं.

तपासा: भरलेल्या फॉर्मची प्रत तुमच्याकडे आली का? ऑनलाइन भरलात तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

## टप्पा ७: पैसे भरा आणि सुरुवातीची वेळ पक्की करा

कोटेशन म्हणजे विमा नव्हे, आणि 'फॉर्म मिळाला' असा मेसेज म्हणजेही नव्हे. भारतात विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. कंपनीने आधी पाहणी करायची म्हटलं असेल, तर संरक्षण पैसे भरल्यापासून सुरू होतं की पाहणी मंजूर झाल्यावर, हे लेखी विचारा. अनेक पॉलिसी पैसे भरलेल्या दिवशी नाही, तर त्या मध्यरात्रीपासून सुरू होतात. तेवढे तासही टप्पा २ मधली काळजी सोडू नका.

मागच्या वेळी हप्त्यांमुळे घोळ झाला असेल तर या वेळी वर्षाचे पैसे एकरकमी भरा.

## टप्पा ८: शेड्यूल हातात आल्यावर

पंधरा मिनिटं काढून ओळीवर बोट ठेवून वाचा. माझ्या नव्या शेड्यूलमध्ये सगळं बरोबर होतं, फक्त वापराच्या रकान्यात 'स्वतः' असं छापून आलं होतं. फॉर्ममध्ये मी 'भाड्याने' लिहिलं होतं, त्याची प्रत जोडून ईमेल केला आणि दुरुस्तीचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं कंपनीचं पत्र, मिळालं. प्रत नसती तर ती चूक माझ्याच नावावर राहिली असती.

मालकांची नावं मालकीहक्काच्या कागदाप्रमाणे सगळी आहेत का, हे पाहा. जोडीदार सहमालक असेल आणि नाव सुटलं असेल तर आत्ताच घालून घ्या. घराचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळे नोंदवलेत ना? सुरुवातीची वेळ, विम्याची रक्कम, भाड्याच्या नुकसानीचे महिने, रिकाम्या घराची मर्यादा आणि क्लेममध्ये तुम्ही सोसायची रक्कम, एवढं तपासा.

## टप्पा ९: बँकेला आणि भाडेकरूंना कळवा

घरावर कर्ज असेल तर विमा चालू ठेवणं ही बहुधा कर्जाची अटच असते. तो खंडित झाल्याचं कळलं की काही देशांत बँक स्वतःच विमा उतरवून त्याचे पैसे तुमच्याकडून वसूल करते. असा विमा महाग असतो आणि मुख्यतः बँकेचं हित सांभाळतो. तुमचं सामान किंवा तिसऱ्या व्यक्तीची भरपाई त्यात सहसा नसते. अमेरिकेत असे पैसे लावण्याआधी किमान ४५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि तुमचा स्वतःचा विमा असल्याचा पुरावा मिळाल्यावर १५ दिवसांत तो विमा रद्द करून दोन्ही विमे चालू असलेल्या काळाचे पैसे परत करावे लागतात. म्हणून नवी पॉलिसी मिळाल्या दिवशीच बँकेला पाठवा, पोच घ्या आणि पॉलिसीत बँकेचं नाव घालायचं असेल तर तेही करून घ्या.

भाडेकरूंना पॉलिसीचा क्रमांक नको असतो. आग लागली, पाणी भरलं तर आधी कुणाला फोन करायचा, मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत काय फेकायचं नाही, आणि घर दोन-तीन आठवडे बंद ठेवून जाणार असाल तर आधी सांगा, एवढं एका कागदावर लिहून द्या. मी तो कागद सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, नवा पाइप आहे तिथेच. आणि मालकासाठी आलेलं कुठलंही पत्र आलं की त्याचा फोटो लगेच पाठवायचा, ही त्या कागदावरची पहिली ओळ आहे.